राउटर घेण्यापूर्वी घर पाहावे

रक्तदाब मोजण्याचे यंत्र, चालण्याची काठी, न्हाणीघरातील आधारदांडा अशा वस्तू निवडताना आपण जो चोखंदळपणा दाखवतो, तो भिंतीवर टांगलेल्या एका छोट्या डब्याच्या वाट्याला सहसा येत नाही. हा डबा म्हणजे वाय-फायचा राउटर. आरोग्यविषयक पाक्षिकात त्याची चर्चा कशाला, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. परंतु ज्येष्ठांच्या दिनक्रमाकडे थोडे बारकाईने पाहिले, तर त्याचे उत्तर सहज सापडते. केंद्र सरकारने मार्च २०२० मध्ये दूरवैद्यकीय सल्ल्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि ‘ई-संजीवनी’ ही विनामूल्य सेवा घराघरांत पोहोचली. तेव्हापासून पडद्यावरून डॉक्टरांशी बोलणे रूढ झाले. औषधे मागवणे, तपासणीचे अहवाल मिळवणे, परगावी असलेल्या मुलांना पायावरची सूज दाखवणे, ही सारी कामे त्याच वाटेने होतात. निवृत्तिवेतनधारकांचा हयातीचा दाखलादेखील २०१४ पासून ‘जीवन प्रमाण’ योजनेद्वारे डिजिटल स्वरूपात देता येतो आणि २०२१ पासून चेहऱ्याची ओळख पटवून तो घरबसल्या सादर करता येतो. पडद्यावरचे चित्र मधेच गोठले, तर डॉक्टरांना रुग्णाच्या धापेचा अंदाज येत नाही. म्हणून हा डबा नीट निवडणे आणि नीट जागी ठेवणे हा शुश्रूषेचाच एक भाग मानायला हवा.

आणखी एक गोष्ट आपल्या ध्यानातून निसटते. जुन्या काळचा तांब्याच्या तारेवरचा दूरध्वनी टेलिफोन केंद्राकडून येणाऱ्या विजेवर चालत असे. घरात अंधार झाला तरी तो वाजत असे. आज अनेक घरांतील ती तार जाऊन तिच्या जागी काचेचा तंतू, म्हणजे फायबर आला आहे. त्यातून माहिती येते, परंतु उपकरण चालवणारी वीज येत नाही. म्हणजेच घरातील दिवे गेले की इंटरनेटही जाते आणि त्याला जोडलेला दूरध्वनीही मुका होतो. रात्री एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांच्या दृष्टीने हा बदल लहान नाही. राउटरचा विचार करताना वेगाइतकाच विजेचा विचार करायचा तो यासाठी.

खरोखर नवा राउटर हवा आहे का?

‘वाय-फाय चालत नाही’ या तक्रारीवर नवा राउटर हा एकमेव उपाय नसतो. पुष्कळदा तो उपायच नसतो. म्हणून बाजारात जाण्यापूर्वी घरातच एक साधी तपासणी करावी. तिला खर्च शून्य आणि वेळ अर्धा तास लागतो.

इंटरनेटचा वेग मोजणारे एखादे विनामूल्य ॲप मोबाइलमध्ये घ्यावे. मोबाइलचा स्वतःचा डेटा बंद करून फक्त वाय-फाय चालू ठेवावे. राउटरपासून पाच-सहा फुटांवर उभे राहून वेग मोजावा आणि कागदावर लिहावा. मग शयनगृह, स्वयंपाकघर, देवघर आणि सज्जा अशा प्रत्येक ठिकाणी तोच प्रयोग करावा. न्हाणीघरही वगळू नये. घसरून पडण्याचा धोका तिथेच अधिक असतो आणि फरशांचे थर, नळ, बंद दार यांमुळे लहरी तिथेच दुबळ्या होतात. आजी-आजोबांच्या हाती मदतीचे बटण किंवा मोबाइल दिला असेल आणि तो वाय-फायवर अवलंबून असेल, तर न्हाणीघरातून प्रत्यक्ष फोन लावून पाहावा.

आता कागदावरचे आकडे वाचू. राउटरजवळही वेग फार कमी असेल, तर दोष घराच्या भिंतींचा नाही. घेतलेली योजना अपुरी आहे, बाहेरून येणाऱ्या जोडणीत बिघाड आहे किंवा डबाच जुना झाला आहे. अशा वेळी सेवा देणाऱ्या कंपनीकडे तक्रार नोंदवून आधी जोडणी तपासून घ्यावी. राउटरजवळ वेग उत्तम आणि खोलीत मात्र नगण्य असेल, तर प्रश्न जागेचा आणि भिंतींचा आहे. राउटरची जागा बदलून तो बहुधा बराच सुटतो. सर्वत्र वेग चांगला असूनही एकाच मोबाइलवर चित्र अडखळत असेल, तर तो मोबाइलच थकलेला असण्याची शक्यता अधिक.

इथे शब्दांचा एक गोंधळ दूर करावा लागेल. फायबरची जोडणी घेतली की कंपनी एक डबा बसवून देते. फायबरमधून येणाऱ्या प्रकाशाचे रूपांतर विद्युतसंदेशात करणे हे त्याचे पहिले काम. त्याला ‘ओएनटी’ म्हणतात. आजकाल बहुतेक ओएनटीमध्येच राउटर अंतर्भूत असतो. त्यामुळे बाजारातून आणलेला राउटर या डब्याची जागा घेत नाही, त्याला तारेने जोडून पुढे लावावा लागतो. हे ठाऊक नसल्यामुळे लोक कंपनीचा डबा काढून टाकण्याच्या अपेक्षेने खरेदी करतात आणि मग दोन डबे, दोन विजेच्या जोडण्या आणि दोन परवलीचे शब्द यांच्या गुंत्यात सापडतात. म्हणून प्रथम कंपनीलाच विचारावे : ‘आमचा डबा जुना, एकाच लहरपट्ट्याचा आहे, तो बदलून दोन लहरपट्ट्यांचा मिळेल का?’ अनेकदा तो विनामूल्य किंवा अल्प खर्चात मिळतो. सर्वांत स्वस्त राउटर म्हणजे जो विकत घ्यावाच लागला नाही तो.

वेग किती पुरेसा?

जाहिरातींतील आकडे पाहून मन दिपते, पण ज्येष्ठ दांपत्याच्या घराची गरज माफक असते. डॉक्टरांशी समोरासमोर बोलण्यासाठी दोन ते चार एमबीपीएस इतका स्थिर वेग पुरतो. दूरचित्रवाणी संचावर स्पष्ट चित्र पाहण्यासाठी पाच आणि अतिस्पष्ट, म्हणजे ‘फोर के’ चित्रासाठी सुमारे पंधरा एमबीपीएस लागतात. पाळत ठेवणाऱ्या साध्या कॅमेऱ्याला दोन ते चार पुरतात. म्हणजे आजोबा बातम्या पाहत आहेत, आजी परदेशातील नातीशी बोलत आहेत आणि दारावरचा कॅमेराही चालू आहे, असे धरले तरी बेरीज तीस एमबीपीएसच्या आत राहते. अशा घराला ४० किंवा ५० एमबीपीएसची योजना पुरेशी असते. तीनशे एमबीपीएसच्या योजनेपेक्षा वाचलेले पैसे पुढे सांगितलेल्या बॅटरीवर खर्च केले, तर ते अधिक सत्कारणी लागतील. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे इथेही खरे.

घरातून काम करणारा मुलगा किंवा सून त्याच छताखाली असेल, तर हिशेब अर्थातच बदलतो. तरीही एक तत्त्व कायम राहते. संभाषणासाठी कमाल वेगापेक्षा स्थैर्य मोलाचे असते. क्षणात शंभर आणि क्षणात शून्य असा वेग असेल, तर शंभराचा काही उपयोग नाही.

दोन लहरपट्टे आणि आपल्या भिंती

घरगुती राउटर मुख्यतः दोन लहरपट्ट्यांवर काम करतात : २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. पहिला दूरवर जातो आणि भिंती बऱ्यापैकी ओलांडतो, पण त्याचा वेग कमी. शिवाय शेजाऱ्यांचे राउटर, ब्ल्यूटूथ आणि मायक्रोवेव्ह भट्टी हे सारे त्याच पट्ट्यात वावरत असल्याने तिथे गर्दी असते. दुसरा वेगवान आणि मोकळा, पण एक-दोन भिंतींतच त्याचा दम उखडतो. म्हणून घरात दोन्ही पट्टे देणारा राउटर असावा. केवळ २.४ गिगाहर्ट्झवर चालणारा एकपट्टा राउटर हजार-बाराशे रुपयांत मिळतो. विरळ वस्तीतील बैठ्या घरात, एक-दोन मोबाइलपुरता, तो काम भागवतो. दाट वस्तीच्या इमारतीत मात्र तो घेऊ नये. उलटपक्षी, स्वस्तातील अनेक कॅमेरे, विजेचे स्मार्ट प्लग आणि तत्सम उपकरणे फक्त २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात. त्यामुळे तो पट्टा बंदही करू नये.

कोणत्या भिंतीतून लहरी किती जातात, हे घराच्या बांधणीवर ठरते. लाकडी किंवा प्लायवूडचे विभाजन त्यांना फारसे अडवत नाही. विटांची भिंत थोडे अडवते. जुन्या वाड्यांची जाड दगडी भिंत, कोकणातील आणि गोव्यातील जांभ्या दगडाचे बांधकाम, लोखंडी सळया घातलेला काँक्रीटचा स्लॅब यांच्यापुढे मात्र महागडा राउटरही हतबल होतो. धातूचे कपाट, मोठा आरसा आणि पाण्याने भरलेली टाकी किंवा मत्स्यपात्र हेही मोठे अडथळे आहेत. राउटर गोदरेजच्या कपाटामागे ठेवून मग त्याला दोष देणे न्यायाचे नाही.

डब्याला चार किंवा सहा अँटेना दिसल्या की तो अधिक शक्तिमान, असा समज आहे. राउटरने किती शक्तीने लहरी सोडाव्यात याला कायद्याने मर्यादा आहे. त्यामुळे अँटेनांच्या संख्येवरून पल्ल्याचा अंदाज बांधू नये. दोन अँटेनांचा डबा योग्य जागी ठेवला, तर तो कोपऱ्यात दडवलेल्या सहा अँटेनांच्या डब्याहून सरस ठरतो.

खोक्यावरील आकड्यांचा अर्थ

राउटरच्या खोक्यावर ‘एसी १२००’ किंवा ‘एएक्स १५००’ अशी अक्षरे असतात. ‘एसी’ म्हणजे वाय-फायची पाचवी पिढी, ‘एएक्स’ म्हणजे सहावी. पुढचा आकडा ही दोन्ही पट्ट्यांच्या कागदोपत्री वेगांची बेरीज असते. ‘एसी १२००’मध्ये एका पट्ट्याचे ३०० आणि दुसऱ्याचे ८६७ मिळून ११६७ होतात आणि ते वाढवून १२०० लिहिले जातात. ‘एएक्स १५००’मध्ये ३०० आणि १२०० असतात. मोबाइल साधारणपणे एका वेळी एकाच पट्ट्यावर असतो आणि प्रत्यक्ष वेग कागदावरच्या वेगापेक्षा बराच कमी असतो. शिवाय बाहेरून येणारी योजनाच ५० एमबीपीएसची असेल, तर राउटर कितीही मोठा असला तरी आडातच नाही ते पोहऱ्यात कोठून येणार?

‘एसी १२००’ वर्गातील राउटर साधारण दीड ते अडीच हजारांत आणि ‘एएक्स १५००’ वर्गातील अडीच ते साडेतीन हजारांच्या आसपास मिळतात. भाव सतत बदलतात, म्हणून खरेदीच्या दिवशी दोन-तीन ठिकाणी ताडून पाहावेत. पाच-सहा उपकरणांच्या घराला पाचवी पिढी पुरेशी आहे. उपकरणे दहाच्या वर असतील किंवा किमतीतील अंतर पाचशे-सातशे रुपयांचेच असेल, तर सहावी घ्यावी. ती अनेक उपकरणांना एकाच वेळी अधिक सुरळीत हाताळते आणि नव्या बनावटीच्या डब्याला सुरक्षाविषयक सुधारणाही अधिक काळ मिळण्याची शक्यता असते. त्याहून महाग, खेळांसाठी म्हणून विकले जाणारे राउटर ज्येष्ठांच्या घरात अनावश्यक आहेत.

दुकानात चार गोष्टी आवर्जून विचाराव्यात. पहिली, दोन्ही लहरपट्टे आहेत का. दुसरी, तार जोडण्याची छिद्रे ‘गिगाबिट’ आहेत का. स्वस्त राउटरमध्ये ती १०० एमबीपीएसचीच असतात आणि २०० एमबीपीएसची योजना घेऊनही शंभराच्या आतच वेग मिळतो. योजना शंभराहून लहान असेल, तर मात्र या कारणासाठी जादा पैसे देऊ नयेत. तिसरी, ‘डब्ल्यूपीए ३’ ही नवी सुरक्षापद्धत आहे का. चौथी, हमी किती वर्षांची आहे आणि बिघाड झाल्यास डबा आपल्या गावात बदलून मिळतो की टपालाने पाठवावा लागतो. ज्येष्ठांसाठी हा चौथा प्रश्न बाकी तिघांइतकाच महत्त्वाचा आहे. जुना वापरलेला राउटर घ्यायचा मोह झाला, तर त्याला सुरक्षासुधारणा अजून मिळतात का, हे कंपनीच्या संकेतस्थळावर आधी पाहावे.

लांबच्या खोलीसाठी

घर मोठे किंवा दुमजली असेल, तर एका राउटरची शक्ती वाढवण्यापेक्षा दुसरे केंद्र उभारणे शहाणपणाचे. यासाठी सर्वांत विश्वसनीय आणि स्वस्त साधन म्हणजे साधी तार. ‘कॅट ६’ प्रकारची तार भिंतीच्या कडेने त्या खोलीपर्यंत न्यावी आणि तिच्या टोकाला घरात पडून असलेला जुना राउटर ‘ॲक्सेस पॉइंट’ म्हणून जोडावा. ही मांडणी शेजारच्या महाविद्यालयीन मुलालाही जमण्यासारखी आहे.

तार नेणे शक्य नसेल, तर लहरी पुढे ढकलणारा ‘एक्स्टेंडर’ लावता येतो. त्याच्याबाबत एक चूक सर्रास होते : जिथे वाय-फाय अजिबात पोहोचत नाही, त्याच खोलीत तो लावला जातो. तिथे त्याला पुढे ढकलायला काही मिळतच नाही. तो राउटर आणि ती खोली यांच्या मधोमध, लहरी अजून चांगल्या असतील तिथे लावावा. एकाच पट्ट्यावर घेणे आणि देणे असल्याने साध्या एक्स्टेंडरमुळे वेग निम्म्यावर येऊ शकतो. बोलण्यापुरते ते चालते. अनेक डबे एकत्र गुंफणारी ‘मेश’ पद्धत अधिक सुखावह असते, पण तिचा खर्चही अधिक. सामान्य दोन किंवा तीन खोल्यांच्या सदनिकेत तिची गरज नसते.

राउटर उंच, बटण हाताशी

राउटरसाठी उत्तम जागा म्हणजे घराचा मध्यभाग, जमिनीपासून पाच-सहा फुटांची उंची आणि भोवती मोकळी हवा. अँटेना उभ्या ठेवल्या की लहरी चोहोबाजूंना आडव्या पसरतात. तंत्रज्ञ मात्र आपल्या सोयीने, फायबर जिथून आत येतो तिथेच, बहुधा दाराच्या वर किंवा दूरचित्रवाणी संचामागे डबा ठोकून जातो. तो येण्यापूर्वीच जागा ठरवून ठेवावी आणि तिथपर्यंत फायबर नेण्याचा आग्रह धरावा.

या सदराच्या दृष्टीने त्याहून मोठी चिंता वेगळीच आहे. राउटर अडला की तो बंद करून पुन्हा चालू करणे हा पहिला उपाय सगळे सांगतात. डबा आणि त्याचे बटण दोन्ही छताजवळ असतील, तर सत्तरी ओलांडलेली व्यक्ती त्यासाठी स्टुलावर चढते. मांडीचे हाड मोडायला एवढे निमित्त पुरते. म्हणून राउटर उंचावर असला, तरी त्याच्या विजेचे बटण कमरेच्या उंचीवर, वाकावे किंवा चढावे लागणार नाही असे हवे. वीजतंत्र्याकडून हे काम अल्प खर्चात करून घेता येते. तेवढे शक्य नसेल, तर लहरींचा थोडा तोटा सोसून डबाच हात पोहोचेल अशा फडताळावर आणावा.

तारांबाबतही हीच दक्षता हवी. खोलीतून आडवी गेलेली तार, गालिच्याखाली दडवलेली तार, पलंगाजवळ लोंबणारी तार या तिन्ही पाय अडकवतात. तार नेहमी भिंतीच्या कडेने, खिळ्यांनी पक्की करून न्यावी. फायबर तीव्र कोनात मुडपू नये, आतला काचतंतू तुटतो. डबा चोवीस तास चालू असल्याने उबदार राहतो. त्यावर विणलेला रुमाल किंवा प्लॅस्टिकचे आवरण घालू नये. त्याच्यासोबत आलेला मूळ अडॅप्टरच वापरावा. बदलावा लागला, तर भारतीय मानक ब्यूरोची खूण असलेला आणि त्याच व्होल्टेजचा घ्यावा.

वीज गेल्यावर काय?

घरात इन्व्हर्टर असेल, तर ओएनटी आणि राउटर या दोहोंचे बटण इन्व्हर्टरच्या जोडणीवर आहे की नाही, हे आजच तपासावे. नसेल तर राउटरसाठीचा छोटा यूपीएस साधारण हजार ते दोन हजार रुपयांत मिळतो. राउटरच्या मागील बाजूस ‘१२ व्होल्ट, १ अँपियर’ असे काही लिहिलेले असते. काही डबे ९ व्होल्टचे असतात. यूपीएसचा व्होल्टेज तोच असला पाहिजे, अन्यथा डबा जळू शकतो. पिनेचा आकारही जुळवून पाहावा.

तो किती वेळ चालेल, याचा हिशेब सोपा आहे. ८००० एमएएच क्षमतेच्या लिथियम बॅटरीत, ३.७ व्होल्टने गुणले असता, सुमारे ३० वॉट-तास ऊर्जा मावते. रूपांतरातील घट वजा जाता २५ हाती लागतात. एक डबा साधारण ८ वॉट घेत असेल, तर तीन तास निघतात. ओएनटी आणि वेगळा राउटर असे दोन डबे असतील, तर जेमतेम दीड तास. एकाच डब्यात भागत असेल तर दुसरा घेऊ नये, याचे हे आणखी एक कारण.

तथापि घरातील डबा चालू असला, तरी गल्लीतील किंवा इमारतीतील कंपनीच्या उपकरणाची वीज गेली असेल, तर इंटरनेट येत नाही. म्हणून ज्येष्ठांच्या मोबाइलमध्ये थोडा डेटा आणि रात्री पूर्ण चार्ज ही दुसरी वाट नेहमी राखावी. ज्या घरात मोबाइलचे सिग्नल दुबळे आहेत, तिथे मोबाइलच्या सेटिंगमधील ‘वाय-फाय कॉलिंग’ सुरू करावे. त्यामुळे नेहमीच्याच क्रमांकावरचे फोन राउटरमार्गे येऊ-जाऊ लागतात. मात्र अशा घरात राउटरची बॅटरी चैनीची वस्तू राहत नाही, ती गरज होते. मोबाइल घरात कोणत्या कोपऱ्यात वाय-फायशिवायही लागतो, हे ज्येष्ठांना दाखवून ठेवावे.

लहरींची भीती

‘या लहरींनी कर्करोग होतो का?’ हा प्रश्न पुष्कळांच्या मनात असतो. वाय-फायच्या लहरी या रेडिओ लहरी आहेत. क्ष-किरणांप्रमाणे पेशींतील रेणू मोडण्याइतकी ऊर्जा त्यांच्यात नसते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये रेडिओ लहरींची नोंद ‘संभाव्य कर्ककारक’ या ‘२ ब’ गटात केली, हे खरे आहे. तिचा आधार मुख्यतः डोक्याला लावून दीर्घकाळ मोबाइल वापरणाऱ्यांच्या अभ्यासांतील मर्यादित पुराव्याचा होता. कोरफडीच्या संपूर्ण पानाचा अर्कही त्याच गटात आहे. त्या गटाचा अर्थ ‘धोका सिद्ध झाला’ असा नाही, ‘पुरावा अपुरा, अभ्यास चालू ठेवावा’ असा आहे. राउटर शरीरापासून दूर असतो, अंतर दुप्पट झाले की लहरींची तीव्रता साधारण चौथाईवर येते आणि खोलीत प्रत्यक्ष आढळणारी पातळी आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या कितीतरी खाली असते. उशाशी डबा नसावा, एवढे पाळले तरी पुष्कळ. तेही त्याच्या लुकलुकत्या दिव्यांनी झोपमोड होऊ नये म्हणून अधिक.

पेसमेकर बसवलेल्या व्यक्तींनी मोबाइल आणि तत्सम उपकरणे छातीपासून किमान १५ सेंटिमीटर दूर ठेवावीत, असा सल्ला दिला जातो. भिंतीवरचा राउटर त्याहून कितीतरी दूर असतो. तरीही शंका असल्यास आपल्या हृदयरोगतज्ज्ञांना उपकरणाचे नाव सांगून विचारावे.

कुलूप आणि किल्ली

नव्या राउटरला दोन परवलीचे शब्द असतात. एक वाय-फायला जोडण्याचा, दुसरा राउटरच्या आतील मांडणी बदलण्याचा. दुसरा बहुधा कारखान्यातून आलेला तसाच राहतो आणि तो सर्वांना ठाऊक असतो. दोन्ही पहिल्याच दिवशी बदलावेत. शब्द लांब असावा पण आठवणीत राहणारा असावा. नातवंडांचे नाव आणि जन्मसाल टाळून, परस्परांशी संबंध नसलेले तीन-चार मराठी शब्द रोमन लिपीत सलग लिहिले तर तो भक्कम होतो. घरी येणारी मदतनीस, परिचारिका किंवा पाहुणे यांच्यासाठी ‘गेस्ट’ म्हणजे पाहुण्यांचे वेगळे जाळे सुरू करावे. राउटरची सुधारणा आपोआप होण्याचा पर्याय असल्यास तो चालू ठेवावा.

‘तुमचे वाय-फाय बंद पडणार आहे, आम्ही कंपनीतून बोलतो, हे ॲप घ्या’ असे सांगणारा फोन आला, तर काहीही न करता तो ठेवून द्यावा. अशा ॲपद्वारे मोबाइलचा पडदा भामट्याला दिसू लागतो आणि बँकेतील रक्कम जाते. फसवणूक झाल्याचे लक्षात येताच १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. लाज वाटून गप्प राहिल्याने केवळ त्या भामट्याचे फावते.

दूर राहणाऱ्या मुलांसाठी

आई-वडिलांच्या घरी राउटर बसवून मुले आपल्या गावी परततात आणि पुढे प्रत्येक बिघाड फोनवरून सोडवावा लागतो. त्यासाठी निघण्यापूर्वी एक तास द्यावा. जाड पुठ्ठ्यावर, ठळक अक्षरांत पाच ओळी लिहून तो राउटरच्या बटणाशेजारी चिकटवावा : कंपनीचे नाव आणि तक्रारीचा क्रमांक, आपला ग्राहक क्रमांक, कोणता दिवा हिरवा असावा आणि कोणता लाल झाला तर तक्रार करावी, ‘बटण बंद करा, तीस आकडे मोजा, पुन्हा चालू करा, पाच मिनिटे थांबा’ ही सूचना, आणि जवळच्या एखाद्या विश्वासू शेजाऱ्याचा क्रमांक. परवलीचा शब्द या पुठ्ठ्यावर लिहू नये, तो घरातील वहीत असावा. खाली तातडीच्या मदतीचा ११२, रुग्णवाहिकेचा १०८ आणि ज्येष्ठांसाठीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनचा १४५६७ हे तीन क्रमांक लिहावेत.

मग घरातील मुख्य वीज दहा मिनिटे बंद करून पाहावी. राउटर चालू राहतो का, शयनगृहातून आणि न्हाणीघरातून फोन लागतो का, आणि आई किंवा बाबा तुमच्या मदतीशिवाय डबा बंद-चालू करू शकतात का, या तीन प्रश्नांची उत्तरे ‘हो’ आली, तर आपला राउटर योग्य आहे असे समजावे, मग तो दीड हजारांचा असो की कंपनीने विनामूल्य दिलेला. एखादे उत्तर ‘नाही’ आले, तर नेमके तेवढेच दुरुस्त करावे, आणि ते सामानाची बॅग भरण्यापूर्वी करावे.